बंदूक नसलेली शिकार

टीव्हीवर मोटारींच्या जाहिराती तुम्ही पाहताच. त्यांत एक ठरलेलं दृश्य असतं. एक दणकट गाडी डांबरी रस्ता सोडते, धुरळा उडवत माळावर शिरते, ओढ्याचं पाणी दोन्ही अंगांना उडवते आणि तिच्यासमोरून पाखरांचा थवा भुर्रकन उडून जातो. आपल्यालाही वाटतं, वा! काय मजा आहे!

आज मी तुम्हाला त्या पाखरांबद्दल विचारणार आहे. ती का उडाली? जिथून उडाली तिथं काय होतं? आणि गाडी निघून गेल्यावर ती परत आली, तेव्हा त्यांना काय दिसलं असेल?

टिटवी तुमच्या ओळखीची आहे. ती झाडावर घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर एक उथळ खळगा, भोवती चार खडे, झालं तिचं घर! त्यात साधारण चार अंडी. रंग असा मातकट आणि ठिपकेदार, की पायाशी असली तरी दिसायची नाहीत. उन्हाचा कडाका वाढला की टिटवी पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि येऊन अंड्यांवर बसते. अंडी गार राहतात. आता त्या खळग्याजवळ एखादी गाडी अर्धा तास नुसती उभी राहिली, तर काय होईल? टिटवी भोवती ओरडत फिरेल, पण अंड्यांवर बसणार नाही. चाकाखाली एकही अंडं फुटलं नाही, तरी उन्हानं ती वाया जाऊ शकतात.

टिटवी एकटी नाही बरं का! चंडोल, धाविक, पखुर्डी, माळढोक हे सगळे जमिनीवरच अंडी घालतात. आपल्याला जो माळ ओसाड वाटतो, तो म्हणजे छप्पर नसलेली पाखरांची वसाहतच असते.

आता थोडं मागं जाऊ या. आपल्याकडे पूर्वी राजेरजवाडे आणि साहेब लोक शिकार करत. कोल्हापूर संस्थानात तर शिकारीसाठी शिकवलेले चित्ते पाळलेले होते. चित्त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, त्याला गाडीवर बसवून माळावर नेत आणि काळवीट दिसलं की सोडत. या शिकारीलाही एक मर्यादा होती. चित्ता थोडं अंतरच जोरात पळू शकतो. तेवढ्यात काळवीट निसटलं तर निसटलं. पायी किंवा घोड्यावरून जाणारा शिकारीही दमत असे. जनावराला पळून जायची संधी असे.

मग मोटार आली. मोटार दमत नाही. तिचे दिवे रात्रीचा दिवस करतात आणि त्या झगझगीत उजेडात जनावर गोंधळून जागच्या जागी उभं राहतं. १९४७ साली आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानाच्या महाराजांनी तीन चित्ते मारले. रात्रीची वेळ होती, महाराज मोटारीत होते. दिव्यांच्या उजेडात तिघे जवळजवळ बसलेले दिसले आणि काही क्षणांत खेळ संपला. भारतातले शेवटचे चित्ते म्हणून त्यांचीच नोंद सांगितली जाते. १९५२ साली चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. पुढं तब्बल सत्तर वर्षांनी, १७ सप्टेंबर २०२२ रोजी, आफ्रिकेतल्या नामिबियाहून आठ चित्ते विमानानं आणून मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात सोडावे लागले. घालवायला काही क्षण आणि परत आणायला सत्तर वर्षं!

दुसऱ्या महायुद्धानंतर तर जीप आली. ही गाडी लष्करासाठी बनवलेली. चारही चाकांना जोर असल्यामुळे तिला रस्ताच लागत नाही. युद्ध संपल्यावर अशा गाड्या सामान्य लोकांच्या हाती आल्या. मोकळा, सपाट माळ आणि जीप, मग काय विचारता! त्यात सगळ्यात जास्त मार खाल्ला तो आपल्या माळढोकानं.

माळढोक म्हणजे जवळजवळ एक मीटर उंचीचा भला मोठा पक्षी. नराचं वजन पंधरा किलोपर्यंत भरतं. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत तो जगातल्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक आहे. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही जमिनीवर. शेताभातातल्या बैलगाड्यांची त्याला सवय होती. पण पाठलाग करणाऱ्या जीपपुढं लपायला माळावर ना झाड, ना झुडूप. पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अली यांना हा पक्षी भारताचा राष्ट्रीय पक्षी व्हावा असं वाटत होतं. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. सोलापूर आणि अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यांत १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. पण तोवर संख्या फार घटली होती. गवताळ रानं नांगराखाली गेली, पुढं विजेच्या तारांना धडकूनही पक्षी मरू लागले. आज साऱ्या देशात माळढोक दीडशेच्या आतच उरले आहेत, तेही बहुतेक राजस्थानात.

तुम्ही म्हणाल, "बाई, आता तर शिकार बंद आहे. मग हे कशाला सांगता?"

सांगते. १९७२ साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला. तेव्हा काही प्राण्यांची शिकार परवाना काढून करता येत असे. पण परवाना असला तरी मोटारीतून शिकार करायची नाही आणि मोटारीनं जनावरं हाकायची नाहीत, असं त्या कायद्यात साफ लिहिलं होतं. १९९१ साली कायदा बदलला आणि हौसेच्या शिकारीचे परवानेच बंद झाले.

आता खरी गंमत पुढं आहे. या कायद्यात ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ दिला आहे. तो फक्त ‘मारणं’ एवढाच नाही. रानातल्या प्राण्याला पकडणं, त्याचा पाठलाग करणं, त्याला हाकणं आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न करणं, हीसुद्धा शिकारच. पक्ष्यांची अंडी फोडणं किंवा घरट्याला त्रास देणं, हीही शिकारच! म्हणजे हातात बंदूक नसेल, नुसता मोबाईल असेल आणि कुणी चिंकाऱ्यामागं गाडी पिटाळली, तर कायद्याच्या दृष्टीनं तो माणूस शिकारी ठरतो.

आणि हा कायदा उगीच कडक नाही. चिंकारा हे शेळीएवढं लहानसं हरीण. गाडी मागं लागली की ते जीव तोडून पळतं. मालक म्हणतो, "मी कुठं त्याला हात लावला? पळालं की ते सुखरूप!" पण अतिश्रमानं हरणाचे स्नायू निकामी होऊ शकतात आणि काही तासांनी किंवा दिवसांनी ते कुठंतरी झुडपाआड मरून पडतं. गाडीवाला तोवर घरी पोचलेला असतो. त्यानं काढलेला फोटो लोक कौतुकानं पाहत असतात.

ज्या देशांत आजही परवाना घेऊन शिकार चालते, तिथं तरी गाडी कुठंही नेता येते का? अमेरिकेचं उदाहरण पाहू. तिथं सरकारच्या मालकीची अफाट जमीन आहे आणि हंगामात तिथं शिकारीला परवानगी असते. पण १९७२ सालीच, म्हणजे आपला कायदा झाला त्याच वर्षी, त्यांच्या अध्यक्षांनी हुकूम काढला. सार्वजनिक जमिनीवर कुठल्या वाटांनी गाड्या जातील, हे आधी ठरवा. माती, झाडझाडोरा आणि प्राणी यांना कमीत कमी त्रास होईल अशाच वाटा निवडा. बहुतेक राज्यांत गाडीत बसून गोळी झाडायलाही बंदी आहे. गाडी ठरलेल्या वाटेवर उभी करायची आणि पुढं पायी जायचं, अशी तिथली रीत.

त्या देशात हे सहज घडलं नाही. नेवाडा नावाच्या राज्यात व्हेल्मा जॉन्स्टन नावाची बाई कचेरीत नोकरी करायची. १९५० साली कामावर जाताना तिला समोरच्या ट्रकमधून रक्त ठिबकताना दिसलं. ट्रकमध्ये रानटी घोडे कोंबलेले होते. विमानं आणि ट्रक वापरून त्यांना दमेपर्यंत पळवायचं, पकडायचं आणि कुत्र्यामांजरांच्या खाद्यासाठी विकायचं, असा धंदा चालला होता. व्हेल्माबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी लोकांना जागं केलं. १९५९ साली सार्वजनिक जमिनीवर विमान किंवा मोटार वापरून रानटी घोड्यांची शिकार करायला बंदी झाली. १९७१ साली घोड्यांना आणखी संरक्षण देणारा कायदा आला. त्यासाठी सरकारकडे पत्रांचा पाऊस कुणी पाडला, माहीत आहे? तुमच्यासारख्या शाळकरी मुलामुलींनी!

आता आपल्या घराजवळ येऊ. पुण्याहून मोरगावच्या गणपतीला जाता, तेव्हा जवळच सुपे गाव लागतं. तिथं चिंकाऱ्यांसाठी १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झालं. ते आहे केवढं? पाच चौरस किलोमीटरहून जरासंच मोठं! त्याबाहेर सासवड, दौंड, बारामती, इंदापूर या भागांतल्या माळांवर लांडगे, खोकड, तरस राहतात. मेंढपाळ आपली मेंढरं घेऊन पिढ्यान्‌पिढ्या तिथं फिरतात. हे माळ कुठं वनखात्याचे आहेत, कुठं गावाचं गायरान. सुट्टीच्या दिवशी शहरातून गाड्या येतात. लांडगा दिसला की एक गाडी वाट सोडते. तिच्या मागं दुसरी, तिसरी. लांडग्याला मध्ये घेऊन गाड्यांचं कडं तयार होतं.

आमच्या वर्गात हा विषय निघाला तेव्हा एका मुलानं विचारलं, "बाई, सरकारी जागा म्हणजे आपलीच ना? मग आपण गाडी नेली तर काय बिघडलं?" प्रश्न चांगला आहे. सरकारी जागा आपली असते हे खरं. पण ती आपल्या एकट्याची नसते. ती मेंढपाळाचीही असते, टिटवीचीही असते आणि अजून जन्मालाही न आलेल्या मुलांची असते. सार्वजनिक विहिरीत कुणी पाय धुतो का? तसंच हे.

शिवाय चाकाची खूण लवकर पुसत नाही. माळावरची माती मुळातच पातळ. जड चाकानं ती दबते, मग पाणी आत मुरत नाही. ते चाकोरीतून धावतं आणि माती घेऊन जातं. चाकोरीची होते घळ. दुसरा गाडीवाला घळ चुकवायला शेजारून गाडी घालतो. एका वाटेच्या अशा चार वाटा होतात आणि गवत तेवढं कमी होतं.

मग माळावर जायचंच नाही का? जरूर जायचं! फक्त एवढं पाळायचं:

१. आधी असलेली गाडीवाट सोडायची नाही, फोटोसाठीसुद्धा नाही.

२. प्राणी दिसला की लांबच थांबायचं, इंजिन बंद करायचं. तो चालू लागला तर त्याला जाऊ द्यायचं. त्याची वाट अडवायची नाही.

३. हॉर्न, गाणी, आरडाओरडा नको. रात्री झोत टाकून प्राणी शोधायचे नाहीत.

४. पावसात ओल्या मातीत गाडी घालायची नाही. उन्हाळ्यात वाळल्या गवतावर गाडी उभी करायची नाही. तापलेल्या सायलेन्सरनं वणवा लागू शकतो.

५. वनखात्याच्या जागेत परवानगी घेऊनच जायचं आणि शक्यतो गावातला माहीतगार वाटाड्या सोबत घ्यायचा. त्याला चार पैसे मिळतात आणि आपल्याला माळ कळतो.

पालकांसाठी दोन शब्द. गाडी तुमच्या हातात असते, पण मागच्या सीटवरून मुलं पाहत असतात. "जरा आणखी जवळ घ्या ना, बाबा!" असं ती म्हणाली, तर नाही म्हणा आणि का नाही, तेही सांगा. साधी दुर्बीण घेतली तरी चालेल. गाडीनं तोडायचं अंतर दुर्बीण तोडते आणि कुणाचं घरटं मोडत नाही.

करून पाहा : येत्या रविवारी मोठ्यांसोबत जवळच्या टेकडीवर पायी जा. तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, कुठलीही चालेल. गाड्यांच्या येण्याजाण्यानं घट्ट झालेली जमीन आणि तिच्या बाजूची गवताची जमीन शोधा. दोन्हीकडे एकेक तांब्या पाणी हळूहळू ओता. कुठं मुरलं? कुठं वाहून गेलं? किती वेळ लागला? वहीत लिहून ठेवा. टेकडीवर कुणी मोटारसायकली चढवत असेल, तर त्याच्याशी भांडू नका. जागा, दिवस आणि वेळ लिहून घ्या आणि वर्गातल्या सगळ्यांच्या सह्यांनिशी वनखात्याच्या कचेरीला पत्र पाठवा. तुमच्या बाई किंवा सर पत्ता शोधून देतील. पत्रात तुमचा पाण्याचा प्रयोगही लिहा. मोजून पाहिलेली गोष्ट लिहिली की पत्राला वजन येतं.