मिश्रण की भेसळ? लांगदॉकची रेड वाइन आणि १९०७ चे बंड

१/ लांगदॉक हा दक्षिण फ्रान्समधील, भूमध्यसागराकाठचा द्राक्षप्रदेश. तेथील कोर्बिएरची ड्राय रेड वाइन कारीन्याँ, ग्रनाश, सिरा यांसारख्या किमान दोन जातींच्या मिश्रणातूनच बनावी, असा आज नियम आहे. या मिश्रणात केवळ चवीची परंपरा पाहणे अपुरे आहे. वाइनमध्ये काय मिसळावे, हा प्रश्न येथे रस्त्यावर लढला गेला.

२/ १८६० च्या दशकापासून फिलॉक्सेरा या मुळांवरील किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. पुढे अमेरिकी खुंटांवर कलमे बांधून बागा पुन्हा उभ्या राहिल्या. लांगदॉकच्या सपाट जमिनीत भरघोस पीक देणारी आरामाँ ही जात पसरली. तिची वाइन पातळ आणि फिकट. तिला रंग व जोर यावा म्हणून फ्रेंच अमलाखालील अल्जीरियातील दाट वाइन तीत मिसळली जाई.

३/ दुसरी मिसळ साखरेची. रस आंबताना साखरेचे मद्यार्क होते, गोडी उरत नाही. म्हणूनच ड्राय वाइनमधली ही भेसळ जिभेला सापडत नसे. १९०३ मध्ये साखरेवरील कर घटला आणि उत्तर फ्रान्समधील बीटची साखर हे काम स्वस्तात करू लागली.

४/ वाइनचे भाव कोसळले. ११ मार्च १९०७ रोजी आर्जेलिए गावचे ८७ बागायतदार मार्सेलँ अल्बेर यांच्या नेतृत्वाखाली नार्बोनला गेले. ९ जूनला माँपेलिए शहरात पाच लाखांहून अधिक लोक जमल्याचे मानले जाते.

५/ पंतप्रधान क्लेमाँसो यांनी सैन्य धाडले. नार्बोनमध्ये गोळीबारात नागरिक मारले गेले. ती वार्ता ऐकून, स्थानिक तरुणांचा भरणा असलेल्या १७ व्या पायदळ रेजिमेंटच्या सुमारे ५०० सैनिकांनी बंड केले आणि ते बेझिए शहरात येऊन ठाकले. त्यांची रवानगी पुढे ट्युनिशियातील गाफ्सा येथे झाली.

६/ २९ जूनच्या कायद्याने बागायतदारांना उत्पादन जाहीर करणे बंधनकारक झाले आणि वाइनसाठी वापरल्या जाणाऱ्या साखरेवर अधिभार बसला. सप्टेंबरच्या आदेशाने ताज्या द्राक्षांच्या किंवा त्यांच्या रसाच्या किण्वनातून झालेल्या पेयासच वाइन म्हणावे, असे ठरले.

७/ हा विजय खरा, तरी अपुरा. भाव पडण्यामागे अतिरिक्त उत्पादनही होते, आणि त्यास बागायतदारांची आरामाँची हावही कारण होती. शिवाय अल्जीरियाची वाइन द्राक्षांचीच असल्याने ती पुढेही मिसळली जात राहिली. साखरेच्या मिसळीवर निर्बंध आले, वसाहतीतील श्रमांची मिसळ मात्र व्यापार राहिली.

८/ कोर्बिएरला नियंत्रित मूळस्थानाचा दर्जा १९८५ मध्ये मिळाला. आज तेथील मिश्रण अभिमानाने मिरवले जाते, आणि तो अभिमान रास्तही आहे. त्यासाठी माणसांनी गोळ्या झेलल्या. पण शुद्धतेची कोणतीही व्याख्या वाचताना तिने कोणाचे रक्षण केले आणि कोणाला हिशेबातच धरले नाही, हे दोन्ही तपासणे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य होय.