एक क्रिया, दोन क्रियापदे

मराठी चित्रपटातल्या आईला भूक लागलेली तुम्ही कधी पाहिली आहे काय? ती वाढते, आग्रह करते, लेकराचा शेवटचा घास संपेपर्यंत डोळे भरून पाहात राहते. पण स्वतः पाटावर बसलेली क्वचितच दिसते. झोप, कंटाळा, हौस यांनाही तिच्याकडे मज्जाव. रडायला मात्र पूर्ण मुभा!

या आईचे मूळपीठ म्हणजे आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा ‘श्यामची आई’. १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले आणि वनमालाबाईंची आई घरोघर पोचली. २०२३ साली सुजय डहाके यांनी तीच कथा पुन्हा पडद्यावर आणली. या आईचे नाव यशोदा. पण पुस्तकाच्या आणि चित्रपटाच्या नावात ती मुलाच्याच नावाने ओळखली जाते. तरीही साने गुरुजींची ही आई नुसती रडवी नव्हे. पोहायला भिणाऱ्या श्यामला ती शिंपटीचा प्रसाद देऊन विहिरीवर धाडते. मागाहून आलेल्या पुष्कळ चित्रपटांनी तिच्या हातची शिंपटी तेवढी काढून घेतली, आणि डोळ्यांतले पाणी ठेवून दिले! सुलोचनाबाईंसारख्या थोर अभिनेत्रीच्या वाट्याला १९६३ साली ‘मोलकरीण’मध्ये आईची भूमिका आली, तीही सोसणारीच.

अमेरिकेतील कवयित्री अ‍ॅड्रिएन रिच यांनी १९७६ साली आईपणावर एक पुस्तक लिहिले. त्यातला एक भेद मला फार मोलाचा वाटतो. आईपण दोन प्रकारचे असते, असे त्या सांगतात : एक, बाईला आपल्या लेकरापाशी येणारा अनुभव, आणि दुसरे, समाजाने त्या अनुभवाभोवती बांधलेली नियमांची चौकट. पहिल्यात माया असते, तसा थकवाही असतो, क्वचित रागही असतो. दुसऱ्यात फक्त कर्तव्य! आपला पडदा वर्षानुवर्षे ही चौकटच रंगवीत आला आणि तिलाच माया म्हणत आला.

ती चौकट १९८२ साली जब्बार पटेल यांनी हलवली. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरचा त्यांचा ‘उंबरठा’ आठवा. स्मिता पाटील यांची सुलभा लहानग्या मुलीला घरच्यांपाशी ठेवून परगावी महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते. परतते तेव्हा लेक दुरावलेली, आणि नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई. ती पुन्हा घराबाहेर पडते.

आमचे बिडकीन पैठणच्या रस्त्यावरचे. या चित्रपटाची चर्चा वर्गात निघाली, तेव्हा मुलामुलींचा निवाडा एकमुखी होता : सुलभा चुकली, पोरीला टाकून गेली. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, “मॅडम, माझे बाबा पाच वर्षं पुण्याला होते. दिवाळीला तेवढे यायचे. सगळे म्हणायचे, लेकरांसाठी किती राबतो! आईनं दोन महिन्यांच्या शिक्षणाला बाहेरगावी जायचं काढलं, तर आजी म्हणाली, लेकरं टाकून चालली. आई गेलीच नाही.”

वर्ग गप्प झाला. मी मराठीची प्राध्यापिका. माझे लक्ष क्रियापदांकडे आधी जाते. बाप कमवायला जातो. आई टाकून जाते. घर सुटते दोघांचे, अंतर दोघांनाही सारखेच. पण त्याला मिळते कौतुक आणि हिला डाग. एवढ्या एका शब्दापायी त्या माउलीचे शिक्षण राहिले! सुलभा चुकली की नाही, यावर वाद जरूर व्हावा. पण बापाला लावलेले माप आईलाही लावून व्हावा. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली आपल्या पुस्तकाला ‘स्त्रीपुरुष तुलना’ असे नाव दिले, ते काय उगाच? दोघांना एका तराजूत घाला, हेच तर त्या बजावत होत्या.

तेव्हा या दिवाळीत फराळाची ताटली पुढे घेऊन एखादा चित्रपट लावाल, तर एक करून पाहा. पडद्यावरची आई उंबरठा ओलांडू लागली, की तिच्या जागी क्षणभर बापाला उभे करा; आणि आपल्या तोंडी कोणते क्रियापद येते, ते नीट ऐका.

आणि हो, आत चकल्या तळत असलेल्या बाईंनाही बाहेर बोलवा. चित्रपट त्यांनाही बघायचा असेल. कदाचित भूकही लागली असेल!