शेजारच्यांची गोळी

जुनी इंदूरमधल्या आमच्या काकांना एट्रियल फिब्रिलेशन झालं. हृदयाचे ठोके अनियमित पडू लागले. शेजारच्या भाऊंना फ्लेकेनाइड लागू पडलं, मग काकांना अमिओडॅरोन का? कारण काकांना पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलाय. अशा रुग्णांत फ्लेकेनाइडने मृत्यू वाढल्याचं १९८९ मध्ये 'कास्ट' चाचणीत दिसलं. अमिओडॅरोन त्यांना चालतं, पण त्याच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. म्हणून थायरॉइड तपासत राहावं लागतं. या औषधामुळे लिव्हरही तपासत राहावं लागतं. ठोके सुधारले तरी रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. आई-बाबांच्या सगळ्या गोळ्यांची यादी आजच मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तीच विचारतात.