मनाच्या डॉक्टरकडे प्रथम जाताना

मनाच्या डॉक्टरकडे गेले की वेडाचा शिक्का बसतो, ही समजूत आपल्या खेड्यापाड्यांतून अजून गेलेली नाही. भोपाळच्या अनुभवानंतर तरी ती जायला हवी होती.

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री तेथे युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. डोळे व फुफ्फुसे यांच्या इलाजासाठी धावपळ झाली. मनाचे दुखणे मागे राहिले. पुढे १९८५ मध्ये वायुग्रस्त भागातील दहा दवाखान्यांत ८५५ रुग्ण तपासले, तेव्हा शेकडा तेवीसजणांना मनोविकार आढळला. त्यांत स्त्रियाच फार. झोप नाही, छातीत धडधड, कशात मन लागत नाही. भरपाईसाठी हे सोंग आहे, असेही काहीजण म्हणत. आम्हांला ते बोलणे निर्दय वाटते. बंगळूरच्या निमहान्स संस्थेचे डॉ. श्रीनिवास मूर्ती व त्यांचे सहकारी यांनी मग तेथल्या साध्या डॉक्टरांनाच हे आजार ओळखून उपचार करायला शिकवले.

तेव्हा आपणही आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगावे. पहिल्या भेटीत इंजेक्शनची वाट पाहू नये. डॉक्टर प्रश्नच फार विचारतील: झोप, भूक, कर्ज, घरातली भांडणे, दारू. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हेही विचारतील. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर खरे द्यावे. असा विचार येत असेल, तर घरच्यांनी फवारणीच्या औषधाचे डबे त्याच दिवशी कुलपात टाकावेत. सुनेबरोबर सासूबाई गेल्या असतील, तर त्यांनी थोडा वेळ बाहेर बसावे. सांगितलेले गुप्त राखण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने रुग्णाला दिला आहे.

मन मोकळे केल्यावर एखाद्याला दोन दिवस अधिकच जड वाटते. त्याने घाबरू नये, पुढची भेट चुकवू नये. उदासीनतेच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. नुसत्या बोलण्याच्या उपचारालाही अनेक भेटी लागतात. एका सल्लागाराशी सूर जुळला नाही, तर दुसऱ्याकडे जावे. त्यात अपमान कोणाचाच नाही.

तालुक्याला जाणे जमत नसेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवावा. तेथे रात्रीही बोलता येते, मराठीतही बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.