वर्गणी कोणाची, विमानं कोणाची?

परवा ८ ऑक्टोबरला, वायुसेना दिनी, आमच्या भिवंडीच्या कट्ट्यावर वाद झाला. एक गृहस्थ म्हणाले, "सर, १९३२ पासून कसले मोजता? १९४७ पर्यंत ते इंग्रजांचंच दल. आपलं काय त्यात?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही गप्प बसलो, आणि रात्रभर स्वतःवर चिडलो. म्हणून हे लिहितोय. (टाईप नातीने केलंय, चुका तिच्या!)

आपलं काय त्यात? ऐका तर मंडळी. १ एप्रिल १९३३ला कराचीच्या ड्रिग रोडवर पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, ती चार वापिती विमानांवर. १९४१ मध्ये तिला बारा लायसँडर विमानं मिळाली, ती मुंबईच्या युद्धनिधीतून. म्हणजे आपल्या इलाख्यात गोळा झालेल्या पैशांतून! पुढच्याच फेब्रुवारीत ही स्क्वाड्रन ब्रह्मदेशात तौंगूला गेली. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी जपान्यांनी तळावर बॉम्ब टाकले. त्यानंतर स्क्वाड्रन लीडर करुण कृष्ण मजुमदार अडीचशे पौंडी दोन बॉम्ब घेऊन निघाले आणि सयाममधला जपान्यांचा तळ गाठून आले. लायसँडर म्हणजे टेहळणीचं संथ विमान, बॉम्बफेकीचं नव्हेच. दुसऱ्या दिवशी अख्खी स्क्वाड्रन तिकडे गेली. याच स्क्वाड्रनचं नेतृत्व १९४४ मध्ये इंफाळला अर्जनसिंगांनी केलं. तेच १९६५च्या युद्धात आपले वायुसेनाप्रमुख होते. १९४७च्या आधीचं सगळं खोडायचं, तर ही माणसं काय स्वातंत्र्याच्या मध्यरात्री आकाशातून पडली?

पण थांबा. दुसऱ्या बाजूचे लोकही मला तितकेच खटकतात, मुंबईकरांनी कसं भरभरून 'दान' दिलं असं सांगणारे. १९४०च्या ऑक्टोबरात विनोबा वैयक्तिक सत्याग्रहाला बसले, ते याच युद्धाला पैशाने वा माणसाने मदत करू नये हे सांगायला, आणि तुरुंगात गेले. वर्गणी मागणारा वरचा साहेब असेल, तर त्याला दान म्हणायचं का? आणि पैशांचं सोडा, जमिनीचं काय? इथून जवळच, कल्याणपलीकडे नेवाळीला युद्धातल्या विमानतळासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. त्यांच्या पुढच्या पिढ्या २०१७ साली त्याच जमिनीसाठी रस्त्यावर उतरल्या होत्या.

आता घरचं. आमचे अण्णाही शिक्षक. त्यांच्या ट्रंकेत मला कॉलेजात असताना युद्धनिधीची पावती सापडली. दोन रुपयांची. मी तावातावाने म्हणालो, "इंग्रजांच्या युद्धाला पैसे दिलेत तुम्ही?" अण्णांनी पावती घडी करून परत ठेवली. एक शब्द बोलले नाहीत. खादी वापरणारा माणूस. त्यांनी राजीखुशीने दिले, की पगारातून कापले गेले, की जपानी येतील या भीतीने दिले? मी विचारलंच नाही. मी प्रश्न नव्हता विचारला, निकाल दिला होता. त्यांच्या दोन रुपयांतून लायसँडरचा खिळा तरी आला असेल, असंही मी म्हणणार नाही. ते कळायला आता मार्ग नाही.

पुढे मी तीस वर्षं वर्गात १९४२ शिकवलं. 'चले जाव' शिकवलं, मनापासून शिकवलं. पण त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतले मजुमदार कधी सांगितले नाहीत, कारण ते त्या धड्यात बसत नव्हते. चूक धड्याची नव्हे, माझी. विनोबा आणि मजुमदार एकाच पानावर मांडले असते तर मुलं गोंधळली असती, हे खरं. पण गोंधळली असती म्हणजे विचार करू लागली असती ना?

तेव्हा कट्ट्यावरच्या त्या गृहस्थांना माझं उत्तर हे. दल इंग्रजांचं होतं, पैसे आपले होते, मरणारी पोरंही आपली होती. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एकीसाठी दुसरी खोडू नका.

असो. तुमच्या घरच्या जुन्या ट्रंकेत अशी पावती निघाली, तर निकाल देण्याआधी घरात कोणी सांगणारं उरलंय का ते बघा. मला उशीर झाला.