मूळ प्रत जपा, नक्कल वाटा

आमच्या थोरल्या आत्याबाई चार यत्ताही शिकलेल्या नव्हत्या. पण बोलायला बसल्या की ऐकणाऱ्याला वेळेचे भान उरत नसे. गाव सोडून मुंबईस आल्या ती रात्र, चाळीतली दहा बाय दहाची खोली, पहाटे नळावरची भांडणे, हे सारे त्यांच्याच तोंडून टिपून ठेवावे असे आमच्या पुतण्याच्या मनात आले. त्याने मोबाईलवर त्यांना बोलते केले. मग मित्राच्या संगणकावर बसून नको तो भाग कापला आणि चाळीस मिनिटांची फिल्म तयार केली. इथवर सारे छान झाले. पुढे जे झाले ते आमच्या अज्ञानाने झाले. तुमच्या घरात तसे होऊ नये म्हणून आज ते लिहीत आहोत.

तयार झालेली फाईल भरली १५ जीबी. ३२ जीबीचा पेनड्राईव्ह रिकामा होता, तरी ती त्यावर उतरेना. मोबाईलवर घेतली तर अडखळे. ओठ आधी हलत, आवाज मागून येई. शेवटी तुकडे करून व्हॉट्सअ‍ॅपवर नातेवाइकांना पाठवले. सर्वांनी पाहिले, डोळे पुसले. संगणकात जागा नव्हती म्हणून मोठी फाईल पुसून टाकली. मोबाईलमधले मूळ चित्रण तर आधीच पुसलेले होते. दोन वर्षांनी आत्याबाई गेल्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मोठ्या पडद्यावर ते तुकडे लावले, तर चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन हलताना दिसले.

बंधुभगिनींनो, यात दोष ना मोबाईलचा, ना संगणकाचा. आम्ही हिशेब केला नाही, हा दोष आमचा. आणि हिशेब तरी केवढा? गुणाकार-भागाकार येणाऱ्या पोराला जमेल एवढाच.

फुल एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे एका चित्रात २० लाख ७३ हजार ६००. असे प्रत्येक चित्र जसेच्या तसे साठवायचे म्हटले, तर सेकंदाला २५ चित्रांप्रमाणे एका मिनिटालाच ९ जीबीहून जास्त जागा लागेल. म्हणून दाबून बसवण्याची युक्ती काढलेली आहे. आत्याबाई बसून बोलत आहेत, मागची भिंत तीच आहे. संगणक अधूनमधून एक पूर्ण चित्र लिहितो आणि मधल्या चित्रांत फक्त बदललेले तेवढे लिहितो: ओठ हलले, हात वर गेला. भिंत तो पुन्हा पुन्हा लिहीत नाही. म्हणूनच बसून बोलणाऱ्या माणसाला थोडी जागा पुरते. लेझीम, मिरवणूक, नाच यांत जवळजवळ सारेच ठिपके बदलतात, त्यांना जास्त जागा द्यावी लागते.

सेकंदाला किती जागा खर्चायची, त्या आकड्याला बिटरेट म्हणतात. बिटरेटला सेकंदांनी गुणा आणि ८ ने भागा, फाईलचा आकार मिळाला. पुतण्याने फाईल बाहेर काढताना बिटरेट ठेवला होता ५० मेगाबिट. चाळीस मिनिटे म्हणजे २४०० सेकंद. ५० गुणिले २४०० भागिले ८, म्हणजे १५,००० एमबी. हेच आमचे १५ जीबी! तीच फिल्म ४ मेगाबिटने काढली असती तर १२०० एमबी झाली असती. चित्र १२८० बाय ७२० चे करून २ मेगाबिट ठेवले असते तर ६०० एमबी. आवाजाचे त्यात चाळीसएक एमबी मिळवा. बसून बोलणाऱ्या माणसासाठी मोबाईलच्या पडद्यावर एवढे पुरते.

पेनड्राईव्हचे कारण वेगळेच निघाले. तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, आणि त्या पद्धतीत ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाईल बसत नाही, जागा कितीही असो. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केला की ती अडचण जाते. मात्र फॉरमॅट करताना आतले सारे पुसले जाते. आधी ते दुसरीकडे घ्या.

आता कृती सांगतो. एडिटिंग संपले की पहिली फाईल मोठ्या बिटरेटने काढा. ही मूळ प्रत, ती वाटायची नाही. मग हँडब्रेक नावाचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर घ्या, त्यात मूळ प्रत उघडा आणि 'फास्ट ७२०पी३०' ही तयार मांडणी निवडा. फाईल एमपी४, चित्र एच.२६४, आवाज एएसी असू द्या. एच.२६५ ही नवी पद्धत साधारण निम्म्या जागेत तेच चित्र देते, पण जुन्या मोबाईलवर अडखळू शकते. आणि आपल्या घरात थोरल्यांच्या हाती जुनाच मोबाईल असतो. म्हणून आधी एका मिनिटाचा तुकडा काढून घरातल्या सर्वांत जुन्या मोबाईलवर लावून पाहा. तिथे नीट चालला तर सगळीकडे चालेल.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून पाठवला की ते आपल्या सोयीने पुन्हा दाबते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. २ जीबीपर्यंतची फाईल जशीच्या तशी जाते. आणखी एक. छोटी प्रत पुन्हा मोठी करून चेहरा परत मिळत नाही, आणि छोट्या प्रतीवरून आणखी छोटी काढली तर रेशनकार्डाच्या झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखे होते. नवी नक्कल हवी असेल तेव्हा मूळ प्रतीवरूनच काढा.

मूळ प्रत दोन हार्डडिस्कवर ठेवा; एक आपल्या घरी, एक भावाच्या किंवा लेकीच्या घरी. एका घरी पाणी शिरले तरी दुसरीकडची राहील.

आमच्या आजोबांचा एकही फोटो घरात नाही. काढायला ना पैसा होता, ना कॅमेरा. आत्याबाईंच्या वेळी मात्र दोन्ही होते, चित्रणही झाले होते, आणि ते आम्ही आमच्याच हाताने पुसले. तुमच्या मोबाईलमध्ये आई, आजी, मामा यांचे बोलणे असेल, तर येत्या रविवारी ते आधी हार्डडिस्कवर उतरवून घ्या. जागा करायला पुसापुशी त्यानंतर करा.