घाटाचा चढ आणि दोन बिंदू

कर्जतहून लोणावळ्यास आगगाडीनें गेलेल्या वाचकांस बोरघाटाचा चढ परिचित असेलच. पण तो किती, हें कसें सांगावें? कर्जत व लोणावळें हे दोन बिंदू धरा. अंतर सुमारें २८ किलोमीटर, उंचींतील फरक सुमारें ५६० मीटर. उंचीच्या फरकास आडव्या अंतरानें भागलें कीं चढ निघाला: ५० मीटरांस १ मीटर. (इतक्या सौम्य चढावर रुळांची लांबी हेंच आडवें अंतर मानण्यास हरकत नाहीं.) वजाबाकी कोणत्याहि टोंकाकडून करा, मात्र उंची ज्या क्रमानें वजा केली, त्याच क्रमानें अंतरहि वजा करावें. मुलांची गल्लत होते ती येथेंच, आणि चढाचा उतार होऊन बसतो!

परंतु १८६३ सालीं खुल्या झालेल्या ह्या मार्गावर कांहीं ठिकाणीं ३७ मीटरांस १ मीटर असा चढ आहे. बहुतेक गाड्यांस मागून इंजिनें जोडावीं लागतात तीं ह्या ३७ साठीं. ५० हा आंकडा इंजिनवाल्याच्या काय कामाचा? दूरच्या दोन बिंदूंतून जाणारी रेषा मधली अवघड जागा झांकून टाकते. ती पाहावयाची तर बिंदू जवळ आणून तोच भागाकार पुन्हां करावा. ते अगदीं एकत्र आले तर अंशस्थानीं शून्य, छेदस्थानींहि शून्य! न्यूटन व लायब्निझ यांनीं तो पेंच कसा सोडविला, तें पुढील अंकीं.